मागच्या खोलीतला कारागीर

तुमच्या पुण्यानुमोदनाला चार जण बोलले आणि चौघंही खोटं बोलले. मुद्दाम नाही. त्यांना जे माहीत होतं तेच त्यांनी सांगितलं. विहाराच्या सभागृहात पुढच्या सतरंजीवर मी पांढरी साडी नेसून बसले होते आणि माईकवरून एकेक जण सांगत होता की सुरेशभाऊंनी आपल्या धुळ्याच्या देवपुरात गाड्यांच्या डॅशबोर्डसाठी फायबरचा पहिला साचा एकट्यानं तयार केला. कुणाचा आधार नाही, कुणी शिकवणारं नाही, एकट्यानं. हा शब्द चौघांनीही वापरला. भंतेजी शेजारी बसलेले होते म्हणून मी जागची हलले नाही, नाहीतर उठून माईक हातात घेतला असता.

आई पिंपळनेरहून आली होती. माझा चेहरा बघून तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडी ले, पोरी." मी तिच्या कानात म्हटलं, "रडू नही ये, माय. राग यी राह्यना." तिला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं. डोकं अगदी ठिकाणावर आहे. राग तुमचाच आला होता, आणि अजून तसाच आहे.

पाहुणे घरात होते तेव्हाच तुमच्या भावानं विषय काढला. अशोक भाऊजी मनानं वाईट नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. फैजपूरहून येताना माझ्यासाठी केळीचा घड घेऊन आले, भांडी घासणाऱ्या बाईला स्वतः चहा दिला. आणि मग पायरीवर बसून म्हणाले, "वहिनी, वर्कशॉप आता कोन चालवीन? तुमाले त्यातलं काय समजते? साचे जळगावच्या शेठले देऊन टाकू, म्हंजे मोकये होसान." त्यांना दोष कसा देऊ? सगळ्या देवपूरला वाटतं की सुरेशभाऊ फायबरचं काम करायचे आणि बायको पुढच्या खोलीत सीटकव्हर शिवायची. तसं वाटावं म्हणून तुम्ही इतकी वर्षं झटलात. तुमची मेहनत फळाला आली. आता माझ्या हातातलं काम माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याला द्यायला निघालेत, आणि देणाऱ्याला आपण माझ्यावर उपकार करतोय असं वाटतंय.

म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही ऐकून घ्या. आता मध्येच उठून गिऱ्हाईक बघायला जाता येणार नाही.

तेव्हा आपलं दुकान म्हणजे सीटकव्हर, पायपुसण्या आणि आरसे. मी मशीनवर कव्हरं शिवायची, तुम्ही ती गाड्यांत बसवायचात. काळी-पिवळी जीपवाले सगळे आपल्याकडे यायचे, आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच असायची. डॅशबोर्डमध्ये मीटरभोवती जी प्लॅस्टिकची चौकट असते ती आपल्या उन्हात तडकते. गाडी जुनी, कंपनीनं ती बनवणं बंद केलेलं, चौकट कुठंच मिळत नाही. कुणी तारेनं बांधलेली, कुणी चिकटपट्टीनं. तुम्ही म्हणालात, ही आपण फायबरची बनवू. नाशिकला एका ओळखीच्याकडे बसून तुम्ही ते काम बघून आलात आणि येताना रेझीनचा डबा, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली आणि काचेच्या धाग्यांची पांढरी मॅट घेऊन आलात. घरात त्या रेझीनचा वास असा भरला की भाजीलाही तोच वास यायला लागला. पण तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता, हे मी आज रागातही कबूल करते.

साच्यासाठी एक धड, न तडकलेली चौकट हवी होती. ती माझ्या मामेभावानं दिली, पिंपळनेरच्या बापूनं. स्वतःच्या चालत्या गाडीतून काढून दिली आणि मीटर तारेवर लोंबकळत ठेवून तो साक्री-पिंपळनेर फेऱ्या मारत राहिला. रोज फोन करायचा, "ताई, तुना नवराले सांग, मीटर लटकी राह्यना, प्रवासी हसतस." मी तुम्हाला सांगायचे. तुम्ही म्हणायचात, होईल.

नाशिकवाल्यानं तुम्हाला शिकवलं होतं की चौकटीवर मेणाचं पॉलिश चढवायचं, ते वाळलं की पुसायचं, परत चढवायचं, असं पुन्हा पुन्हा. त्याशिवाय साचा सुटत नाही. पण धीर हा शब्द तुमच्या घराण्यात कुणी ऐकलेलाच नव्हता. फैजपूरला तुमच्या काकांच्या मळ्यात केळीच्या घडांवर घालतात त्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या तुम्ही उचलून आणल्यात. त्यावर रेझीनचा थेंब टाकून पाहिला, तो वाळल्यावर अलगद निघाला. झालं. "मेण-बिण काही लागत नाही व, आपल्या केयीच्या पिशवीनं काम केलं." तुम्ही ती पिशवी फाडून चौकटीवर ताणून बसवलीत आणि तिच्यावरच साचा चढवायला निघालात. मी मशीनवरून उठून आले आणि सांगितलं की सपाट कापड गोलाईवर बसत नाही. सीटच्या कोपऱ्यावर मला कापडाला चिमट्या घ्याव्या लागतात, शिवण मारावी लागते, तेव्हा कुठं ते अंगाबरोबर बसतं. या प्लॅस्टिकला चुण्या पडतील आणि त्या चुण्या साच्यात उतरतील.

"हे शिवनकाम नाही व." असं म्हणालात. हसून म्हणालात, पण मला तो सूर अजून आठवतो.

मे महिना होता. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं. तुम्ही हार्डनर नाशिकच्या मापानं ओतलात, नाशिकची हवा आणि धुळ्याची हवा एकच असल्यासारखं. अर्धी मॅट बसवून होत नाही तोवर मगमधलं रेझीन गोठलं, तापलं आणि त्यातून धूर निघायला लागला. तुम्ही तो मग बाहेर अंगणात फेकलात, दुसरा कालवलात, तोही निम्मा वाया गेला. कसाबसा साचा पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी तो सोडवायला बसलात तर एका कोपऱ्यात पिशवी फाटून रेझीन थेट चौकटीला चिकटलेलं. तुम्ही हातोडी मारलीत. बापूची चौकट तीन तुकडे होऊन बाहेर आली. आणि साचा आतून बघितला तर नुसत्या चुण्या, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखा.

तुम्ही हातोडी कोपऱ्यात भिरकावलीत. "भंगारात टाक," म्हणालात आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसलात.

मी तो भंगारात टाकला असता तर आज माईकवर बोलायला कुणाकडे काही नसतं. पण मला दिसत होतं की बापूची चौकट आता या जगात नाही. तिचा आकार फक्त या चुण्यांखाली शिल्लक आहे, आणि बापू तिकडे लोंबकळत्या मीटरनं गाडी चालवतोय. साचा मी मांडीवर घेतला. शिवण उसवून परत शिवायची असेल तर आधी धागा कुठं कुठं गेलाय ते बोटांनी चाचपावं लागतं. तसं मी डोळे मिटून आतून बोट फिरवलं. कुठं खरी गोलाई आहे आणि कुठं चुणी, हे बोटाला कळलं. डोळ्याला कळत नव्हतं.

मग मी रोज दुपारी बसायचे. चुणीची उंच कड खरखरीत पेपरनं घासून काढायची, खोलगट रेघ थिनरनं पुसून तिच्यात जेलकोट भरायचा. जेलकोट म्हणजे साच्याच्या आतला तो गुळगुळीत लाल थर. उघड्या हवेत तो वरून चिकटच राहतो, म्हणून त्याच्यावर सेलोटेप लावून झाकायचा. वाळला की टेप काढून पाण्यात बुडवलेल्या वॉटर पेपरनं घासायचं. तो पेपर मी जुन्या स्लीपरच्या तुकड्याला गुंडाळायचे, म्हणजे बोटांचे खड्डे पडत नाहीत आणि गोलाईवर तो वळतोही. चिकटलेला तो कोपरा सगळ्यात वाईट होता. तिथं मॅट वळलीच नव्हती, आत हवा राहिली होती, बोटानं दाबलं की जेलकोट अंड्याच्या टरफलासारखा फुटायचा. तो सगळा खरवडून काढला. काचेचे धागे कात्रीनं बारीक कापून रेझीनमध्ये कालवले आणि त्या लगद्यानं कोपरा भरला, परत घासला, परत फुटला, परत भरला.

पहिल्या दिवशी तुम्ही टपरीवरून परत आलात तेव्हा मी साचा घेऊन बसलेली होते. चप्पल काढून माझ्या बाजूला बसलात आणि लहान वाट्यांमध्ये रेझीन कालवून द्यायला लागलात. हार्डनर थेंबाथेंबानं कमी करत, धुळ्याच्या उन्हाचं माप शोधत. जे नाशिकला शिकला होतात ते सगळं मला सांगितलंत, हातचं काही राखलं नाहीत. काचेची कुसं माझ्या हातात घुसून आग व्हायची, तर संध्याकाळी माझे दोन्ही हात मांडीवर घेऊन चिकटपट्टीनं ती कुसं काढायचात, मग गार पाणी ओतायचात. गरम पाण्यानं ती आत जातात, म्हणायचात. त्या दिवसांत तुम्ही मला फार आवडायचात. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, तर आता बोलते.

मग मेणाचे हात चढवले, सगळेच्या सगळे, नाशिकवाल्यानं सांगितले होते तसे, आणि पहिली चौकट भरली. वाळली. कडेला लाकडी पाचर घातली, फटीतून पाणी सोडलं, साचा दोन्ही हातांनी थोडा पिळला. टक् असा आवाज झाला आणि ती सुटली. अख्खी, गुळगुळीत, कोपऱ्यासकट. तुम्ही ती उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलीत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "जमलं व."

मी थांबले. मला वाटलं, पुढं अजून काहीतरी येईल. तुम्ही बापूला फोन लावायला गेलात.

किशोरशेठ आले त्यानंतर. जळगावला त्यांचं गाड्यांच्या सजावटीचं मोठं दुकान, त्यांच्या शब्दावर माल उचलणारे लोक यावल-रावेरपर्यंत. तुम्ही चौकट त्यांच्या हातात दिलीत. मी मागच्या खोलीत पडद्याआड होते, हातात वॉटर पेपर. शेठनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "फिनिशिंग एक नंबर आहे. कुणी केलं?" आणि तुम्ही, मी माझ्या कानांनी ऐकलंय, तुम्ही म्हणालात, "आमच्या घरच्यांनी..." एवढं म्हणालात. शेठ हसले. म्हणाले, "काय राव, बायकांच्या हातचं म्हणजे पापड झाले. उन्हात वाकडे होतील." त्यांच्याबरोबरचे दोघंही हसले. मग तुमचाही हसण्याचा आवाज आला. "नाही हो शेठ, गंमत केली. कारागीर आहे मागे. जुना मानूस आहे."

शेठ गेल्यावर मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "बाईच्या हातचं म्हनलं असतं तर पयालं असतं गिऱ्हाईक. तुले नाव पाह्यजे का काम पाह्यजे?" मी म्हटलं, दोन्ही पाहिजे. तुम्ही शटर ओढायला गेलात. हे भांडण आपण पुढं किती वेळा भांडलो! दर वेळी तुम्ही शटरपाशी जायचात. ते भांडण अजून तिथंच पडलेलं आहे, शटरपाशी, आणि आता तुम्ही कायमचे उठून गेलात.

एकदा शेठ न सांगता आले, बरोबर जळगावचे आणखी व्यापारी. मी नेमकी हात धुवायला पुढं आले, कोपरापर्यंत लाल रंग. सगळे बघायला लागले. तुम्ही पटकन म्हणालात, "हिला काहीबाही रंगवायचा नाद आहे. कुंड्या रंगवते." मी हात न धुताच परत आत गेले. संध्याकाळी तुम्ही जिलेबी घेऊन आलात, गरम, मला आवडते तशी कडक. ती मी खाल्ली. राग मात्र तसाच ठेवला.

तुम्हाला मी वाईट माणूस म्हणू शकत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे. आपल्या खोलीत पंखा नव्हता तेव्हा मागच्या खोलीत धूर ओढून घेणारा पंखा बसवलात. मास्क लावल्याशिवाय मला घासायला बसू द्यायचा नाहीत, स्वतः मात्र उघड्या तोंडानं हिंडायचात. माझी पाठ दुखते म्हणून कामाच्या टेबलाचे पाय कापून ते माझ्या उंचीचं केलंत आणि मग तुम्हालाच त्यावर कमरेत वाकून काम करावं लागायचं. घरातलं कुणी मला बोललं तर तुम्ही आडवे यायचात. सगळं केलंत. फक्त एक वाक्य बोलायचं राहिलं, आणि ते फुकटचं होतं.

छातीत दुखत होतं तेही मला सांगितलं नाहीत. टपरीवाल्याला सांगितलंत. तो पुण्यानुमोदनाला रडत रडत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "वहिनी, मी त्यांना म्हटलं होतं दवाखान्यात जा." टपरीवाल्याला माहीत आणि मला नाही. मी भिंतीपलीकडे बसून साच्याचा कोपरा घासत होते. हाक मारली असती तर ऐकू आली असती. याबद्दल मी तुम्हाला कधी माफ करेन असं आत्ता तरी वाटत नाही.

आता पुढचं ऐका, हे तुमच्या माघारी घडलं.

भाऊजी साचे द्यायला म्हणून शेठना भेटले तर शेठ म्हणाले, नुसते साचे घेऊन मी काय करू? तो कारागीर येतो का विचारा. तो आला तर साचे घेतो, नाहीतर नको. गावाला तुम्ही 'एकट्यानं' सांगितलं होतंत आणि शेठना कारागीर; झालं, भाऊजी कारागीर शोधायला निघाले. देवपूरमधले सगळे गाडीरंगारी पालथे घातले. एमआयडीसीत जाऊन आले. एका बुटक्या पेंटरला तर जवळजवळ धरूनच आणलं होतं, तो बिचारा शपथा घेत होता की मी सुरेशभाऊंकडे फक्त एकदा फाटक रंगवलंय. मी चहा करून दिला दोघांना. मजा बघत होते म्हणा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

पेंटर गेल्यावर मी विचारलं, "बुटकाच का शोधताय?" तर भाऊजी म्हणाले, "भाऊनं शेठले सांगेल होतं ना, शेठनंच मले सांगितलं. शेठनं एकदा इचारलं, टेबल एवढं खाली काऊन? तं भाऊ म्हने, कारागीर बुटका आहे. कोनाशी जास्त बोलत नाही, समोर येत नाही. पन भाऊ म्हने, त्याच्यासारखा हात पुऱ्या खानदेशात नाही. तो नसता तं माह्या दुकानाले कुत्रं इचारत नव्हतं."

मी कप उचलून आत गेले. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले. चांगली हमसून रडले. पुऱ्या खानदेशात नाही! हे तुम्ही शेठना सांगितलंत. आणखी कुणाकुणाला सांगितलंत कोण जाणे. जिच्याबद्दल सांगितलंत ती भिंतीपलीकडे बसलेली, तिला काय दिलंत, तर "जमलं व." मला कौतुक कळत होतं हो. मी काही दगड नव्हते. ते माझ्यापर्यंत पोचवायला तुम्हाला पडदा फक्त बाजूला करायचा होता. रडून झालं आणि मग मला इतका राग आला की टेबलावरचा मग मी भिंतीवर फेकला. तुम्ही त्या मे महिन्यात फेकला होतात, तसाच.

काल शेठ स्वतः आले, भाऊजींबरोबर. हातात आपलीच एक चौकट होती, शेवटच्या मालातली. तिचा कोपरा खडबडीत निघालेला. तोच कोपरा. साच्यात तो परत फुटला होता, तुम्ही गेलात त्या दिवशी मी तोच दुरुस्त करत होते आणि काम तसंच राहिलं होतं. काल मी ते परत हातात घेतलं होतं. जमिनीवर पेपर पसरलेला, पाण्याची वाटी, स्लीपरचा तुकडा, कोपरापर्यंत लाल हात. दार उघडंच होतं. मी उठले नाही.

भाऊजी दारात ओशाळले. "वहिनी, शेठ आले. तुमी जरा हात..." मी म्हटलं, "असू द्या. त्यांनाही बसायला द्या." शेठ बसले नाहीत. माझ्या मांडीवरचा साचा बघितला, मग हातातली चौकट बघितली. कोपऱ्याला कोपरा लावून पाहिला. मग त्यांची नजर टेबलाकडे गेली, त्याच्या कापलेल्या पायांकडे, आणि परत माझ्याकडे. माणूस व्यापारी आहे, त्यांना वेळ लागला नाही. भाऊजींना लागला.

"हे काम तुमचं?" शेठनी विचारलं.

"पहिल्या चौकटीपासून."

भाऊजी म्हणाले, "म्हंजे तो बुटका..."

शेठनी चौकटीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊंनी इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"भ्यायचे."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"मी काय केलं होतं?"

"हसला होतात. पापड म्हणाला होतात."

त्यांना आठवलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी चौकट टेबलावर ठेवली, अगदी सावकाश. विचारलं, "हा कोपरा कधीपर्यंत होईल?" मी सांगितलं, भरलेलं वाळू द्या, घासते, मेण चढवते आणि मग फोन करते. मीच करीन फोन. ते म्हणाले, "ठीक आहे. नव्या गाडीची एक दरवाजाची पट्टी आहे, ती पुढच्या वेळी घेऊन येतो. तुम्ही बघा, जमेल का." आणि निघाले. साचे न्यायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

ते गेल्यावर भाऊजी पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "वहिनी, गेलेल्या मानसाले असं भित्रा म्हनाले नको होतं. चार लोकाइत भाऊची काय राह्यली?"

त्यांना कळलं नाही. मी तुमची बाजू घेतली होती. भ्यायचे, एवढंच म्हटलं. लाज वाटायची त्यांना माझी, असं म्हटलं नाही. दोन्हींपैकी कोणतं खरं, ते मला आजही माहीत नाही, आणि जो सांगू शकला असता तो एक शब्द न बोलता निघून गेला. तुम्हाला सोयीचं होतं ते मी निवडलं आणि शेठसमोर, तुमच्या भावासमोर, माझ्या तोंडानं खरं करून टाकलं. ते शेवटचं. यापुढे कुणी विचारलं तर तुमची बाजू मी घेणार नाही.